गार भाडं, गरम भाडं

बर्लिनला गेलेल्या मित्राने ‘टू-रूम फ्लॅट मिळाला’ असा मेसेज टाकला, तर टू बीएचके समजून लगेच पार्टी मागू नका. जर्मन हिशेबात हॉल हीसुद्धा एक खोलीच. किचन आणि बाथरूम मात्र मोजत नाहीत. म्हणजे ‘त्स्वाय त्सिमर’, दोन खोल्या, हे आपल्या कोथरूडमधलं साधंसुधं वन बीएचके. आणि ‘आइन त्सिमर’ म्हणजे अक्षरशः एकच खोली. तिथेच झोपायचं, तिथेच लॅपटॉप, तिथेच पाहुणे, आणि पाहुणे गेले की तिथेच वाळत घातलेले कपडे.

खोल्या कळल्या की भाडं शिकायचं. जाहिरातीत दोन आकडे असतात: काल्टमीटे आणि वार्ममीटे. गार भाडं आणि गरम भाडं! गार म्हणजे नुसत्या भिंतींचं. त्यात पाणी, कचरा, जिन्याची झाडलोट, इमारतीचा विमा आणि हीटिंग मिळवलं की ते गरम होतं. वीज आणि इंटरनेट बहुतेक वेळा त्याच्याही बाहेर. शिवाय गरम भाड्यातला वरचा भाग हा नुसता अंदाज असतो. खरा हिशेब वर्ष संपल्यावर होतो. जानेवारीत घरात टी-शर्टवर बसायची हौस असेल तर जरूर बसा, बिल नंतर पोस्टाने येतं.

मला इथे येऊन तीन वर्षं झाली. पुण्याहून दर महिन्याला कुणाचा तरी फोन असतोच: ‘अगं, बर्लिनची ऑफर आलीय, स्वस्तात घर कुठे मिळेल?’ कुठे ते सांगते. पण का मिळत नाही ते आधी ऐका, नाहीतर पहिल्याच महिन्यात हाय खाल.

बर्लिन हे भाडेकरूंचं शहर आहे. बहुतेक लोक भाड्याने राहतात, आणि त्यात डॉक्टर आले, प्रोफेसर आले, रिटायर्ड आजी-आजोबाही आले. ‘अजून स्वतःचं घर नाही?’ असं इथे कुणाची मावशी विचारत नाही. करार सहसा बेमुदत. अकरा महिन्यांचं लिव्ह अँड लायसन्स आणि दरवर्षी दहा टक्के वाढ हा आपला सिलॅबस इथे चालत नाही. मालकाला घर खाली करून हवं असेल तर कायद्यात बसणारं कारण लेखी द्यावं लागतं. (‘मुलगा राहायला येतोय’ हे आपलं लाडकं कारण इथेही चालतं बरं का! पण ते पटवून द्यावं लागतं, आणि मुदत किमान तीन महिन्यांची.) साध्या करारात चालू भाडंसुद्धा तीन वर्षांत १५ टक्क्यांपलीकडे वाढवता येत नाही.

आता सांगा, ज्याने २००८ साली क्रॉइत्सबेर्गमध्ये घर भाड्याने घेतलं, तो ते सोडेल कशाला? लग्न झालं, मुलं झाली, घटस्फोट झाला, तरी घर तेच. आपल्या गिरगावातल्या पागडीच्या खोल्यांची आठवण येते. १९४७च्या भाडे कायद्याने मुंबईतली भाडी १९४० सालच्या पातळीला बांधली आणि माणसं पिढ्यानपिढ्या त्याच दोन खोल्यांत राहिली. बर्लिनचा कायदा इतका टोकाचा नाही, पण खुर्ची सोडायची नाही हा फंडा सेम. त्यामुळे एकाच जिन्यात दोन बाजार असतात. आत बसलेल्यांचा स्वस्त आणि आपल्यासारख्या नंतर आलेल्यांचा महाग. ‘मीटश्पीगेल’ नावाचा शहराचा अधिकृत भाडे-तक्ता आहे. २०२४च्या तक्त्यात सरासरी गार भाडं चौरस मीटरला सव्वासात युरोच्या आसपास होतं. आणि जाहिराती उघडल्यात तर त्याच्या दुप्पट आकडा सहज दिसतो.

यावर उपाय झाले नाहीत असं नाही. २०२० मध्ये शहराने भाडी सरळ गोठवून टाकली होती. एप्रिल २०२१ मध्ये घटना न्यायालयाने तो कायदाच रद्द केला, कारण हा अधिकार केंद्राचा, राज्याचा नव्हे. कित्येकांना वाचलेले पैसे मालकाला परत करावे लागले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सार्वमत झालं: मोठ्या कंपन्यांची घरं सरकारने ताब्यात घ्यावीत का? निम्म्याहून जास्त लोकांनी ‘हो’ म्हटलं. भाडं हा इथे राजकारणाचा विषय आहे. आपल्याकडे तो वॉचमन आणि ब्रोकर यांच्यातला विषय असतो.

ब्रोकरवरून आठवलं. इथे २०१५ पासून नियम आहे की ब्रोकरला ज्याने बोलावलं, त्यानेच त्याचे पैसे द्यायचे. म्हणजे बहुतेक वेळा मालकाने. एक महिन्याचं भाडं ब्रोकरच्या हातावर ठेवण्यात ज्यांची बोटं भाजलीत, त्यांना हे वाक्य दोनदा वाचायला आवडेल. डिपॉझिटही जास्तीत जास्त तीन महिन्यांचं गार भाडं, आणि तेसुद्धा तीन हप्त्यांत भरायचा तुम्हाला हक्क आहे.

मग अडतं कुठे? तर रांगेत. मला कंपनीने सुरुवातीला सहा आठवडे सर्व्हिस अपार्टमेंट दिलं होतं. त्या सहा आठवड्यांत मी अठरा घरं पाहिली. ‘पाहिली’ म्हणजे काय, तर शनिवारी सकाळी चौथ्या मजल्यापासून फुटपाथपर्यंत लोकांची रांग, प्रत्येकाच्या हातात फोल्डर. आत पाच मिनिटं. जर्मन मुलं भिंतीवर टकटक करून बघतात, आपण नळ सोडून बघतो. बाहेर पडताना एजंटच्या हातात फाइल द्यायची, जमल्यास गोड हसायचं, आणि घरी येऊन वाट बघायची. उत्तर येतंच असं नाही.

ती फाइल म्हणजे खरा जीव. नोकरीचा करार, शेवटच्या तीन पगाराच्या स्लिपा, आधीच्या मालकाचं ‘हिच्याकडे काही बाकी नाही’ असं पत्र, आणि शूफा. शूफा म्हणजे तुमच्या उधारीची कुंडली. नवीन माणसाची ती कोरी असते, आणि इथे कोरी पाटी म्हणजे चांगली पाटी नव्हे! अशा वेळी कंपनीच्या एचआरकडून एक पत्र घ्या, आणि पुण्यातल्या घरमालकाकडून निघण्यापूर्वीच ‘भाडं वेळेवर मिळत होतं’ असं लिहून आणा. माझ्या काकूंनी, म्हणजे कर्वेनगरच्या मालकीणबाईंनी, असं पत्र दिलं होतं. त्याचं जर्मन भाषांतर करून मी सगळीकडे जोडायचे. पगार भाड्याच्या तिप्पट हवा हा इथला अलिखित नियम, त्यामुळे आपल्या खिशाबाहेरची घरं बघण्यात शनिवार घालवू नका. आणि पासपोर्टची कॉपी घर बघण्याआधी कुणालाही मेल करायची नाही. ‘मालक लंडनला असतात, डिपॉझिट पाठवा, चावी कुरिअरने येईल’ असल्या जाहिराती तर सॉल्लिड असतात. फोटोत लाकडी फ्लोअरिंग, बाल्कनी, भाडं निम्मं. पुण्यात बसून घर बुक करू पाहणारे त्यात नेमके सापडतात.

स्वतंत्र घर मिळेपर्यंतचा खरा मार्ग म्हणजे ‘वे-गे’. तीन-चार जण मिळून एक घर, प्रत्येकाची खोली वेगळी, किचन-बाथरूम कॉमन. आपल्याकडे कॉट बेसिसवर राहिलेल्यांना यात नवीन काही नाही असं वाटेल. पण इथे खोली मिळण्याआधी इंटरव्ह्यू असतो, आणि तो ऑफिसच्या इंटरव्ह्यूपेक्षा अवघड. आधीचे तिघं समोर बसतात, चहा देतात आणि प्रश्न सुरू. सकाळी किती वाजता उठतेस? बाथरूम साफ करायचा वार पाळशील का? मित्रमंडळी किती येतात? थोडक्यात, कांदेपोहे! फरक एवढाच की पोहे करणारी मीच नवीन आणि पसंत करणारे तिघं.

स्वयंपाकाचा प्रश्न हमखास यायचा. मी सरळ सांगायचे: रोज करते, फोडणी घालते, हिंगाचा वास दोन तास राहतो. दोन ठिकाणी चेहरे पडले आणि दुसऱ्या दिवशी नकार आला. तिसऱ्या ठिकाणी, लिश्टेनबेर्गमध्ये, एकाने विचारलं, ‘म्हणजे आम्हालाही मिळणार का?’ तिथे मी सव्वा वर्ष राहिले.

खोली घेताना एक प्रश्न मात्र तुम्ही विचारायचा: आनमेल्डुंग होईल ना? हा शब्द पाठ करा. जर्मनीत राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत नगरपालिकेच्या ऑफिसात पत्ता नोंदवावा लागतो, आणि त्यासाठी घर देणाऱ्याची सही असलेला कागद लागतो. नोंद झाली की टॅक्स नंबर पोस्टाने घरी येतो. तो नसेल तर पगारातून सगळ्यात वरच्या दराने कर कापला जाऊ शकतो. ऑफिसातल्या नाशिकच्या मैत्रिणीला नॉयकोल्नमध्ये मस्त खोली मिळाली होती. भाडं कमी, खिडकीतून झाडं, सगळं छान. फक्त ‘आनमेल्डुंग नाही’. खोली देणाऱ्याने स्वतःच्या मालकाला न विचारता पोटभाडेकरू ठेवायचा बेत केला होता. खरं तर सहीचा कागद देणं हे घर देणाऱ्यावर बंधनकारक आहे, पण भांडून घेतलेल्या खोलीत झोप कशी लागणार? तिने ती सोडली. ‘पत्ता विकत देतो, फक्त नोंदणीसाठी’ असं सांगणारेही भेटतात. त्या वाटेला जाऊच नका, तो सरळसरळ दंडाचा मामला आहे.

आणि हो, नोंद झाली तरी पत्रपेटीवर आडनाव चिकटवायला विसरायचं नाही. इथे फ्लॅटला नंबरच नसतात! बी-विंग, ३०४ वगैरे काही नाही. पोस्टमन फक्त नाव बघतो. नाव नाही तर पत्र परत. आपली आडनावं लांबलचक आणि पट्टी दोन बोटांची, त्यामुळे कुलकर्ण्यांचं ‘कुलक’ झालेलं मी पाहिलंय.

आता ‘कुठे’. बर्लिनभोवती लोकलची एक वर्तुळाकार लाइन आहे, रिंगबान. एक फेरी बरोबर एका तासाची. जो तो म्हणतो, ‘रिंगच्या आत हवं.’ प्रेन्त्सलाउअर बेर्ग, फ्रीडरिश्सहाइन, क्रॉइत्सबेर्ग, सगळी ग्लॅमरस नावं आत. माझं मत विचाराल तर हा हट्ट निव्वळ टाइमपास आहे. तिकिटाचा ए झोन रिंगपर्यंत आणि बी झोन शहराच्या हद्दीपर्यंत, पण नेहमीचा पास एबी असा एकत्रच असतो. म्हणजे श्पांडाउला राहा की रिंगच्या आत, पासाचे पैसे तेच. चिंचवड-डेक्कन रोज केलेल्या माणसाला पस्तीस मिनिटांच्या यू-बानचं काय कौतुक सांगायचं? राइनिकेनडोर्फ, लिश्टेनबेर्गची पूर्वेकडची बाजू, मारत्सानच्या पूर्व जर्मनीच्या काळातल्या उंच इमारती, इथे रांग जरा आखूड असते. मारत्सानला बर्लिनकर नाकं मुरडतात. बरोबर असे ठोकळे बघत बघत आपण हडपसरला मोठे झालो, आपल्याला कसली नाकं!

रिंगच्या आतच हवं असेल तर ‘हिंटरहाउस’ शोधा. जुन्या इमारतींना रस्त्याकडे एक घर आणि चौकामागे दुसरं असतं. मागच्यात ऊन कमी, शांतता जास्त, आणि भाडं बऱ्याचदा थोडं उतरलेलं. माझं सध्याचं घर वेडिंगमध्ये असंच मागच्या चौकात आहे. डिसेंबरात दुपारी तीनला दिवा लावावा लागतो. सरकारी गृहकंपन्यांची आणि सहकारी सोसायट्यांची घरं खूप स्वस्त असतात, पण पहिल्यातल्या बऱ्याच घरांना उत्पन्नाचा दाखला लागतो आणि आयटीचा पगार त्या मर्यादेत बहुधा बसत नाही. सोसायट्यांची वेटिंग लिस्ट वर्षानुवर्षांची. नाव घालून ठेवा आणि विसरून जा.

घर ‘रिकामं’ मिळतं म्हणजे किती रिकामं? छतातून दोन वायरी लोंबकळत असतात, बल्बही नाही. किचनमध्ये अनेकदा ओटा नाही, शेगडी नाही, सिंकसुद्धा नाही! जाणारा भाडेकरू सगळं उपटून नेतो किंवा तुम्हाला विकतो. माझ्या आधीच्या बाईंनी जुन्या ओट्याचे आणि फ्रिजचे १८०० युरो मागितले. न घेतल्यास मालकाकडे माझं नाव पुढे करणार नाही, असंही सुचवलं. झाली की नाही पागडीची धाकटी बहीण? वस्तूच्या किमतीशी ताळमेळ नसलेली असली रक्कम कायद्याने वसूल करता येत नाही. मी ते गोड शब्दांत सांगितलं, सोबत बेसनाचे चार लाडू दिले. साडेपाचशेवर सौदा झाला. कायदा किती आणि लाडू किती ते माहीत नाही.

आणि आता ज्याच्यावरून आमच्या घरात पंधरा दिवस वाद चालला ती गोष्ट. बर्लिनमध्ये २०१५ पासून ‘मीटप्राइसब्रेमझे’ आहे, भाड्याचा ब्रेक. नव्या भाडेकरूला घर देताना गार भाडं त्या भाडे-तक्त्याच्या वर फार तर १० टक्के लावता येतं. २०२५ मध्ये त्याची मुदत २०२९ अखेरपर्यंत वाढवली. ऑक्टोबर २०१४ नंतर बांधलेली घरं यात येत नाहीत, पूर्ण नूतनीकरण करून पहिल्यांदा दिलेलीही नाहीत, आणि आधीच्या भाडेकरूचं भाडंच जास्त असेल तर तेवढं घेता येतं. पण बाकी जुन्या घरांना नियम लागू. समजा ५० चौरस मीटरचं घर, तक्त्याप्रमाणे ८ युरोचा दर. झाले ४००, वर १० टक्के, म्हणजे ४४०. आणि तुम्ही भरताय ६५०! फुटकळ फर्निचर टाकून ‘फर्निश्ड’ म्हणून आकडा फुगवायची युक्तीही जोरात चालते. ब्रेक आपोआप लागत नाही, ही यातली मेख. भाडेकरूने स्वतः लेखी हरकत घ्यावी लागते. राहायला गेल्यापासून तीस महिन्यांच्या आत घेतली तर जादा गेलेले पैसे सुरुवातीपासूनचे परत मागता येतात.

माझ्या घराचं गणित साधारण असंच निघत होतं. भाडेकरूंची संघटना असते, मीटरफेराइन, वर्षाची वर्गणी भरली की वकिलाचा सल्ला मिळतो. तिथल्या बाईंनी आकडेमोड करून पत्राचा मसुदा हातात ठेवला. मी रविवारी फोनवर घरी सांगितलं.

‘अगं, त्यांनी तुला घर दिलं,’ आई म्हणाली, ‘ओळख ना पाळख. अठरा ठिकाणी नकार खाल्लास तू. आणि आता त्यांनाच नोटीस?’

‘नोटीस नाही गं. नुसतं पत्र.’

‘पत्र म्हणजे नोटीसच की. काढून टाकलं म्हणजे?’

काढू शकत नाहीत, हे तिला पटत नव्हतं. खरं सांगायचं तर माझ्या डोक्यालाच कळत होतं, पोटाला नाही. ‘बॅचलर मुली नकोत’, ‘नऊनंतर गेट बंद’, ‘नॉनव्हेज चालणार नाही’ हे ऐकत सात वर्षं पुण्यात काढल्यावर मालक म्हणजे उपकारकर्ता ही गोष्ट अंगात मुरलेली असते. सही करताना चावी मिळाली याचाच इतका आनंद असतो की आकड्याकडे कोण बघतो! हे मालकांनाही ठाऊक असतं. परदेशातून आलेली मुलं हरकत घेत नाहीत, हाच तर त्यांचा हिशेब.

बाबांचा मुद्दा वेगळा होता. आमचा चिंचवडचा वन बीएचके भाड्याने दिलेला आहे, त्यामुळे घरात मी सोडून सगळे मालकपक्षाचे. ‘तू सही केलीस ना त्या आकड्यावर? मग आता मागे कसली फिरतेस?’ मला यावर चटकन उत्तर सुचलं नाही. दिलेला शब्द म्हणून बघितलं तर ते बरोबर आहेत. पण ज्या शब्दाला दुसरा पर्यायच नव्हता, तो मी दिला की माझ्याकडून घेतला? आणि कायद्यापेक्षा जास्त भाडं लावताना सही त्यांनीही केली होती की!

पुढच्या रविवारी बाबांनीच विषय काढला. ‘तक्त्याप्रमाणे किती बसतं म्हणालीस?’ मी आकडा सांगितला. पलीकडे कॅल्क्युलेटरची बटणं वाजली. मग युरोचे रुपये झाले. मग शांतता.

‘पाठव,’ ते म्हणाले. ‘पण भाषा नीट ठेव.’

पत्र गेलं. नंतरचे दोन महिने पत्रपेटी उघडताना हात थोडा थरथरायचा. इमारत सांभाळणाऱ्या कंपनीचं पहिलं उत्तर आलं की बाथरूम नवीन केलंय, सबब भाडं योग्य आहे. मीटरफेराइनच्या बाईंनी त्यावर दुसरं पत्र लिहिलं. शेवटी तडजोड झाली: भाडं दरमहा ९६ युरोने कमी आणि मागच्या सात महिन्यांचा फरक परत. गणिताप्रमाणे हवं होतं त्याच्या निम्मंच. कोर्टात गेले असते तर कदाचित जास्त मिळालं असतं, पण तेवढा दम मला नव्हता आणि मी तिथेच थांबले.

त्याच लिफाफ्यात आणखी एक कागद होता. त्यावर कडक जर्मनमध्ये लिहिलं होतं की चौकातल्या जिन्याखाली लावलेली लाल सायकल तिथून ताबडतोब हलवावी. सायकल माझीच होती. हलवली.